जॉयसच्या वाटची मूठमाती

गिदोनचा फोन सकाळी सातला आला.

"मावशी, आई गेली. पहाटे, झोपेतच. चार वाजता माती आहे."

"चारला नक्की?"

"हो. पण तुम्ही दगदग करू नका. तुमच्या नावाची मूठमाती मी देतो."

"मी येते, गिदोन."

"हो हो, मावशी," तो म्हणाला आणि पलीकडे दुसऱ्याच कुणाशी तरी बोलू लागला.

जॉयस फोन मांडीवर ठेवून बसून राहिली. शिरूरच्या मिशन कंपाउंडमधल्या त्या एका खोलीत रडायला आडकाठी करणारं कुणी नव्हतं, तरी रडू आलं नाही. रोझी तिची थोरली बहीण. दौंडला दिलेली. दर नाताळात रोझीच शिरूरला यायची. चार वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले, आणि मग दोघींच्या मध्ये पंचावन्न किलोमीटर पडले ते पडलेच.

पोलिओ झाला तेव्हा जॉयस दोन वर्षांची होती. चाकाची खुर्ची मिळेपर्यंत ती अंगणभर हातांवर सरकत हिंडायची. दाराशी पोचली की रोझी तिचे तळवे आपल्या फ्रॉकला पुसायची आणि मगच आत घ्यायची.

पुढे शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी झाली. या वर्षांत दौंडलाच आई गेली, भाऊ स्टीफन गेला, आणि दर वेळी कुणीतरी प्रेमाने सांगितलं, "तू नको येऊस, तुझ्या वाटची माती आम्ही टाकतो." दर वेळी तिने ते मानलं. लोकांना अडचण नको, एवढाच विचार.

आज तिने तोंड धुतलं, पांढरी साडी नेसली आणि जालिंदरला फोन लावला. कंपाउंडच्या फाटकासमोर त्याची भाड्याची गाडी उभी असे. गाडी घेऊन तो लगेच आला. त्याने मागचं दार उघडून दाखवलं. डिकीत गॅसची टाकी बसवलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"खुर्ची कुठं ठिवू मावशी? तुम्हाला नेतो की. उचलून बसवतो, तिथं उचलून उतरवतो."

"आणि तिथे उतरल्यावर?"

"बसायला प्लास्टिकची खुर्ची देत्याल की कुणीतरी."

"म्हणजे जिथे ठेवाल तिथे मी राहायचं."

जालिंदरने मान खाजवली. "मोठी गाडी बघतो. पण आज लग्नाची दाट तिथ हाय, समद्या गाड्या गेल्यात."

बसचा प्रश्न तिने फार पूर्वी मोजून निकालात काढला होता. आत अपंगांसाठी राखीव जागा असे, आणि त्या जागेपर्यंत पोचायला तीन उंच पायऱ्या. जॉयसच्या खुर्चीच्या खिशात पोलादी टेप कायम असायची. दारं, पायऱ्या, उंबरे, सगळं ती मोजून ठेवत असे. त्याचा उपयोग बहुधा एवढाच, की कुठे जाता येणार नाही ते आधी कळे.

पण एक आकडा वेगळा होता. भाजी बाजारातला माल चढवायचा धक्का अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर उंच होता आणि त्यावर हातगाड्या नेण्यासाठी सिमेंटचा उतार होता. पिकअपचा हौदा ऐंशी. अख्ख्या शिरूरमध्ये जमीन आणि गाडी एका पातळीत येतात अशी ती एकच जागा तिला माहीत होती, आणि ती कोबी-फ्लॉवरसाठी केलेली होती.

चाकं ढकलत ती बाजारात पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. लिलाव आटोपले होते. धक्क्यावर कोथिंबिरीची पानं तुडवलेली. ती उतारावरून वर चढली, दोनदा थांबून. एक तरुण रिकामी कॅरेटं रचत होता.

"गाडी कुठली?"

"वरवंडची."

"दौंडला सोडशील? बहिणीची माती आहे, चार वाजता."

त्याने आधी तिच्याकडे, मग खुर्चीकडे पाहिलं. "म्होरं केबिनमधी बसाल का?"

"नको. मागे. ही अशीच आत जाईल."

"मागं? मावशी, पोलिसानं बघितलं तर माझं लायसन जाईल."

"कोबी आहे म्हणून सांग."

तो खो खो हसला, आणि मग माती आठवून ओशाळून कॅरेटं बाजूला सारू लागला. त्याचं नाव भारत. फाळका धक्क्यावर टाकून त्याने वाट केली, आणि जॉयस कुणाचाही हात न लागता, स्वतःच्या हातांनी, गाडीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा. हे रोझीला फोनवर सांगायला हवं असं तिच्या मनात आलं, आणि तेव्हा कुठे डोळे भरले.

भारतने खुर्ची चारही बाजूंनी दोरांनी बांधली. व्यापाऱ्याकडचे पैसे मिळून गाडी निघायला दीड वाजला. न्हावऱ्यापर्यंत रस्ता बरा होता. पुढे पूल आला, ऊस आला, चौफुल्याला हायवे लागला. वरवंडला आपलं गाव आलं तरी भारत थांबला नाही. कॅरेटं खडखडत होती. दुचाकीवरून पुढे जाणारी माणसं जॉयसकडे वळून वळून पाहत होती. तीन वाजून दहा मिनिटांनी गाडी दौंडच्या कब्रस्तानापाशी आली. पन्नास मिनिटं हाताशी होती. तिचा हिशेब बरोबर निघाला होता.

फाटकातून माणसं बाहेर पडत होती.

गिदोन धावतच आला. "मावशी! तुम्ही? अहो, पाळकसाहेबांना चारला दुसरीकडे जायचं होतं, म्हणून अडीचलाच उरकलं."

"मला सांगितलं नाहीस."

"मला वाटलं..." तो थांबला. त्याला काय वाटलं होतं ते दोघांनाही माहीत होतं. "तुमच्या नावाची दिली मी. खरंच. पहिल्यांदा तुमचीच दिली."

"माझी तू कशी दिलीस, गिदोन? मी जिवंत आहे."

त्याने फाळक्याला हात घातला. नंतर म्हणाला, "चला, उचलून घेतो तुम्हाला. घरी प्रार्थना आहे."

"तू जा. लोक खोळंबतील."

तो दोनदा मागे वळून पाहत गेला. बाकीची माणसंही गेली.

आता उतरायचं कसं, हे तिने मोजलंच नव्हतं. एकतीस वर्षांचा नेमकेपणा चढण्यापाशी संपला होता. भारत भिंतीच्या कडेने चक्कर मारून आला. फाटकाच्या आत मुरमाचा एक ढीग होता. गाडी उलटी घेऊन त्याने फाळका ढिगावर टेकवला, आणि तिथेच पडलेल्या फावड्याने ढीग बडवून उतार केला. जॉयस उतरली. पण दहा-बारा फुटांवर भुसभुशीत मातीत पुढची चाकं रुतली.

"ढकलू का?"

"रुतेल आणखी. तू फाटकापाशी थांब. आणि तिकडे तोंड कर."

भारतने तोंड फिरवलं.

जॉयसने ब्रेक लावले, चपला काढून खुर्चीवर ठेवल्या आणि खाली उतरली. पन्नास वर्षांत ती अशी चालली नव्हती. हातांना मात्र सगळं आठवत होतं. आधी तळवे, मग अंग, मग मागून पाय. पांढरी साडी मातकट झाली. खडे टोचत होते. नव्या मातीच्या ढिगाऱ्यावर शेवंतीची फुलं होती, उन्हाने अजून मलूल न झालेली.

तिने मूठ भरली. गिदोनने तिच्या नावाने टाकलेली माती यातली कुठली, ते ओळखायचा काही मार्ग नव्हता. तिने आपली त्यावर सोडली. काही बोलायचं ठरवलं होतं, ते आठवलं नाही. हात पुढे धरून ती बसली. तळव्यांना माती चिकटली होती. ते पुसायला कुणी नव्हतं, म्हणून तिने ते पुसले नाहीत.

शेजारच्या ओळीत स्टीफनचा क्रूस दिसत होता. आई पलीकडे, भिंतीलगत, कडुनिंबाखाली असणार. साधारण चाळीस फूट.

"भारत," तिने हाक मारली, "अजून थोडं थांबशील का रे?"

"थांबतो की मावशी," तो तिकडेच तोंड करून म्हणाला. "सावकाश होऊ द्या."

जॉयसने तळवे जमिनीला टेकले.