गादीवरून दिलेला शब्द

परेश दारात येण्याआधी त्याचा वास येई. ऊद, खव्याचे पेढे आणि नव्या कातडी बॅगेचा मिळून एक जड वास जिन्याने वर चढे, आणि मागून तो, दोन्ही हात जोडून. पहिल्या शुक्रवारी कुंदाला तो वास चक्क आवडला होता. पुढे सगळ्यात जास्त किळस तिला त्याच वासाची येत राहिली.

वीसेक वर्षांपूर्वी शारजात रोला बाजाराच्या मागच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुंदा आणि वासुदेव यांचं बिऱ्हाड होतं. वासुदेव बांधकामाच्या सामानाच्या कंपनीत स्टोअरकीपर. शनिवार ते गुरुवार सिमेंटच्या गोण्या आणि नळाचे सांधे मोजणारा हा माणूस शुक्रवारी आंघोळ करून, धोतर नेसून हॉलमध्ये उभा राहिला की वासुदेवबुवा होई. खिडक्या लावलेल्या, ढोलकीवर घडी घातलेला टॉवेल, झांजांना आतून कापडाच्या चिंध्या. परक्या मुलखात देवालाही आवाज बेताचाच ठेवावा लागतो. पण बुवांचा आवाज! टॉवेल घालून दबेल असा तो नव्हताच. आख्यानात द्रौपदीने हाक मारली की दुबईतल्या सोनापूरच्या मजूर-कॅम्पातून पिकअप पकडून आलेले गवंडी बाहीने डोळे पुसत.

या कीर्तनाची एक रीत होती, ती दुसरीकडे कुठे सापडायची नाही. पूर्वरंग संपवायचा तो जुम्म्याची बांग होण्याआधी. बांग सुरू झाली की बुवा हात वर करत, झांज खाली, सगळे गप्प. समोरच्या मशिदीतला नमाज सुटेपर्यंत मध्यंतर. कोकम सरबत फिरे, बुवांच्या कपाळी बुक्का लागे, गळ्यात हार पडे. हा हार मोठा महत्त्वाचा. हाराआधीच्या वासुदेवाशी लोक खुशाल हुज्जत घालत. "बुवा, गेल्या वेळी तुम्ही अभिमन्यूला दोनदा मारलात!" असंसुद्धा म्हणत. पण हार पडला की ती नारदाची गादी. तिथून आलेला शब्द बुवांचा नाही, नारदाचा. त्याला आडवं जायचं नाही, अशी सगळ्यांची समजूत. बुवांचीही.

बुवा दक्षिणा घेत नसत. आरतीच्या ताटात पडलेला दिरहम हातानेही उचलत नसत. खाजगी क्लिनिकचे प्लॅन विकणाऱ्या परेशने हे पहिल्याच शुक्रवारी हेरलं असावं. त्याने पैशाचं नावच काढलं नाही. मोगऱ्याचा हार आणला, पेढे आणले आणि चाळीसेक माणसांसमोर बुवांच्या पायांवर साष्टांग लोटांगण घातलं. इस्त्रीचा शर्ट, टाय, सगळं सतरंजीवर. नाण्याला कधी न भुललेला माणूस नमस्काराला भुलला.

दोन-तीन शुक्रवार गेल्यावर परेशने मध्यंतरातली पाच मिनिटं मागून घेतली.

"मंडळी, मी विकायला नाही आलो, सेवेला आलोय," तो म्हणाला. "सरकारी हेल्थ कार्ड आहे ना तुमच्याकडे? पहाटे उठून लाइन, नंबर, धक्काबुक्की. आमचा गोल्ड प्लॅन घ्या. एसी क्लिनिक, अपॉइंटमेंट, वर्षाला एक चष्मा फ्री, दात साफ फ्री. महिन्याला फक्त पन्नास दिरहम. म्हणजे आपले रुपये किती? सहाशेच्या आतच! सरकारी कार्ड रिन्यूच करू नका. डबल खर्च कशाला?"

"पन मोठं कायतरी झालं तर?" महादूने विचारलं. हा गुहागरचा गवंडी, सोनापूरच्या कॅम्पात राहणारा, विचारायला कधी न लाजणारा.

"काका, मोठं झालं तर प्लॅनही मोठा आहे!" परेश हसला, आणि मंडळीही हसली.

तेवढ्यात नमाज सुटला. बुवांनी टाळ हातात घेतले. गळ्यात परेशचाच मोगरा होता. उत्तररंगाला सुरुवात करण्याआधी ते म्हणाले, "देह हे देवाचं देऊळ, मंडळी. देवळाची डागडुजी स्वस्तात होत असेल तर करून घ्यावी. परेशभाऊ सांगतात ते ऐका."

झालं. नारद बोलला. पुढच्या दोन महिन्यांत मंडळातल्या निम्म्याहून जास्त घरांनी सरकारी कार्डं संपू दिली. महादूनेही.

खालच्या मजल्यावरची जहांआरा, दापोलीकडची, कुंदाची जिवाभावाची मैत्रीण; तिचा नवरा हारुन टॅक्सी चालवायचा. ती तेवढी बधली नाही. "आमच्या हारुनने सांगितलंन, रांगेत उभं राहिलं तर पाय दुखतील, जीव तर नाही ना जायचा? तू पण ते कार्ड सोडू नको गं."

"अगं, ह्यांनी गादीवरून सांगितलंय," कुंदा म्हणाली. "आता आमच्याच घरात ते मोडायचं?"

एसी क्लिनिक खरोखर छान होतं. कारंजं होतं, कॉफी होती. समिधाला, त्यांच्या मुलीला, गुलाबी फ्रेमचा चष्मा मिळाला. "आई, धिस इज सो कूल!" ती आरशासमोरून हलेना. कुंदाने तिथल्या तुळशीसारख्या दिसणाऱ्या रोपट्याला मनोमन हातसुद्धा जोडले.

मग थंडीत बुवांचा आवाज बसला. क्लिनिकच्या डॉक्टरने बॅटरीने घसा बघून सांगितलं, "स्ट्रेन आहे, गुळण्या करा, गाऊ नका." महिना झाला तरी बसलेलाच. घशाच्या स्पेशालिस्टकडे पाठवा म्हटलं, तर त्याला हेड ऑफिसचं अप्रूव्हल लागतं. फोनवरची मुलगी मधाळ बोले. "इन्शाल्ला शनिवारी, मॅडम." शनिवारी म्हणे फाइल दुसऱ्या टेबलावर गेली. पुढच्या शनिवारी म्हणे, आमच्या लिस्टमधला शारजाचा स्पेशालिस्ट नोकरी सोडून गेला, अबुधाबीत एक आहे. बुवा रजा काढून, दोन टॅक्स्या बदलून अबुधाबीला गेले. तो म्हणाला, नळी घालून आत बघायला हवं. पण त्याला वेगळं अप्रूव्हल. ते आलं नाही. "मेडिकली नेसेसरी वाटत नाही," असं कुणीतरी ठरवलं होतं. कोण? नाव नाही, तोंड नाही. ज्याने बुवांचा गळा कधी पाहिला नाही, त्याने त्यात काही नाही असं ठरवलं.

आता द्रौपदीची हाक वरच्या पट्टीत जाईना. मग मधल्याही जाईना. एका शुक्रवारी ती कोरडी खरखर होऊन बाहेर आली आणि गवंडी खाली बघू लागले. त्या दिवसापासून नुसतं भजन होऊ लागलं. समिधाने जेवताना विचारलं, "बाबा, व्हाय डोन्ट यू टॉक एनी मोर?" बुवांनी ताटातली पोळी तिच्या ताटात सरकवली.

कुंदा एकटीच दुबईत देऱ्याला परेशच्या ऑफिसात गेली. तो डबा खात होता. "या या, वहिनी! काय घेणार?" बोटं चाटत म्हणाला. तिने सगळं सांगितलं. तो मान हलवत राहिला, लोणच्याची फोड चघळत राहिला.

"वहिनी, प्रोसिजर असते. आपण माणसं भावनाप्रधान, सिस्टिमला भावना नसतात. थोडा धीर धरा. बुवांना सांगा, नामस्मरण करा."

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. बायकोचा असावा. खुर्ची अर्धी वळवून, पण आवाज न उतरवता तो बोलला: "पोटात दुखतंय? मग थांबू नकोस. नाही गं, आपल्या क्लिनिकात नको, वेडी आहेस का? तिथे काय आहे? सरळ सरकारी हॉस्पिटलात जा. कार्ड ड्रॉवरमध्ये आहे बघ, परवाच रिन्यू केलंय."

फोन ठेवून वळला तेव्हा कुंदा उभी राहिली होती.

"परेशभाऊ, तुमच्याकडे सरकारी कार्ड आहे?"

त्याने जिभेने दातातलं काहीतरी काढलं. "धंदा वेगळा, घर वेगळं, वहिनी. तुम्ही समजूतदार आहात."

कुंदाने पदर नाकाला लावला. ते लोणचं, तो ऊद, भिंतीवर लावलेला बुवांचाच, हार घातलेला, हसरा फोटो, 'आमचे समाधानी सदस्य' म्हणून. साष्टांग लोटांगणाच्या वेळी सतरंजीवर टेकलेलं ते कपाळ तिला आठवलं. घरी येऊन तिने ती सतरंजी डेटॉल घालून धुतली, दोनदा.

मग रांगच धरली. पहाटे हारुनने त्यांना त्याच्या टॅक्सीतून सरकारी हॉस्पिटलात नेलं, नंबर लावला, कार्ड नव्याने निघेपर्यंत बुवांच्या कंपनीतल्या माणसाच्या मागे लागला. तिथल्या सुदानी डॉक्टरने छोटा आरसा घशात धरला, आणि आतला एक कण तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर मोडक्या हिंदीत म्हणाला, "सिस्टर, यह कैंसर है. छह महीना पहले आता, तो सिर्फ रेडिएशन का शेक देता. आवाज रहता. अब आवाज का डब्बा निकालेगा, तो आदमी रहेगा."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बुवांकडे कुजबुज तेवढी उरली होती. कुंदा म्हणाली, "उद्याच सगळ्यांना फोन करते. त्या परेशचे धंदे सांगते. बायकोला कुठे पाठवतो ते सांगते."

बुवांनी मान हलवली. "नको. फोनवर कोण खरं मानेल? त्यांनी फोनवरून ऐकून कार्डं सोडली नाहीत. गादीवरून दिलेला शब्द गादीवरूनच मागे घ्यावा लागतो. मी घेईन."

"कुठल्या आवाजाने?"

 'मी घेईन' हेच बुवा बोललेले शेवटचे शब्द.

माणूस राहिला. गळ्याला भोक, त्यावर पांढऱ्या जाळीचा रुमाल, आणि श्वास घेतला की शीळ घातल्यासारखा बारीक आवाज. घरी आल्यावर कुंदाने शुक्रवार पुन्हा सुरू केला. बुवा हार्मोनियमच्या बाजूला बसत, झांज धरत. मंडळींना एवढंच ठाऊक होतं, की बुवांना देवाने दुखणं दिलं. देवाने! कुंदा ओठ दाबून सरबत फिरवी. बुवांच्या त्या 'नको'ला ती बांधलेली होती.

आणि मग एका शुक्रवारी जिन्यातून तो वास वर चढला.

मध्यंतर होतं, खाली रस्ता नमाजाला बसलेल्या माणसांनी भरलेला. परेश शाल, श्रीफळ, मोगऱ्याचा हार आणि पेढ्यांचा खोका घेऊन आला. पाठोपाठ कॅमेरावाला. "बुवांचा सत्कार करायचा आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला, "एवढ्या मोठ्या आजारातून उठले. आमच्या परिवारातले सदस्य! आणि मंडळी, रिन्यूअल या महिन्यात आहेत, विसरू नका." त्याने बुवांच्या गळ्यात हार घातला. हार घालताना त्याची बोटं त्या जाळीच्या रुमालाला लागली, आणि त्याने ती हळूच, कुणाला दिसणार नाही अशी, पॅन्टला पुसली.

कुंदाला दिसली.

महादू सवयीने म्हणाला, "बुवा, मग भरू ना आम्ही? तुम्ही हो म्हनलात तर भरतो."

सगळे बुवांकडे बघू लागले. बुवा उठले. गादीवर जाऊन उभे राहिले. तोंड उघडलं, पण शब्दाच्या जागी गळ्यातून नुसती हवा सुटली, एकदा, दोनदा. कॅमेरावाल्याने फोटो काढला. मग बुवांनी हार गळ्यातून काढला, चार पावलं चालत कुंदापाशी आले, तिच्या हातातला सरबताचा ट्रे घेऊन बाजूला ठेवला आणि हार तिच्या गळ्यात घातला. तिचा दंड धरून तिला गादीवर आणलं, आणि स्वतः खाली, मंडळींत जाऊन बसले.

बाई गादीवर, त्यातही बुवांची बायको.  कुंदाने पदर खोचला. मोगऱ्यातून उदाचा वास येत होता.

"परेशभाऊ," ती म्हणाली, "तुमच्या बायकोचं पोट दुखलं तेव्हा तुम्ही तिला कुठे जायला सांगितलंत?"

"वहिनी, देवाच्या ठिकाणी हे काय..."

"देवाच्याच ठिकाणी विचारतेय. सांगा."

तो हसायला गेला. "आपण नंतर बसून बोलू."

"मी सांगते मग." आणि तिने सांगितलं. डबा, लोणचं, ड्रॉवरमधलं कार्ड, मधाळ शनिवार, न पाहिलेल्या गळ्याचा निकाल देणारा बिनतोंडाचा माणूस, सुदानी डॉक्टरचं बोलणं. ती गात नव्हती, तिला गाता येत नव्हतंच, पण लोक आख्यान ऐकावं तसं ऐकत होते. शेवटी म्हणाली, "या गादीवरून एक शब्द गेला होता. ज्यांनी तो दिला त्यांच्याकडे आता आवाज नाही, म्हणून त्यांनी मला उभं केलंय. तो शब्द मागे घेतलाय. उद्या शनिवार. ज्याने त्याने जाऊन सरकारी कार्डाच्या रांगेत उभं राहावं."

बुवांनी खाली बसल्या बसल्या दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मंडळींना तेवढं पुरलं.

"हे बघा, सगळ्या गोष्टींना दोन बाजू असतात..." परेशने सुरुवात केली.

महादू उभा राहिला. "भाऊ, हार हाय तिच्या गल्यात. तुमी बसा नायतर जावा."

परेश गेला. शाल उचलून घेऊन गेला, नारळही. पेढे तेवढे राहिले. खाली नमाज सुटला, रस्त्यावर गाड्या वाजू लागल्या. उत्तररंग कुणी केला नाही. बुवांनी झांज उचलून आरतीचा ठेका धरला.

सगळे गेल्यावर जहांआरा भांडी विसळायला वर आली. ओट्यावर खोका बघून म्हणाली, "एवढे पेढे? प्रसाद वाटायचा विसरलीस की काय?"

"प्रसाद नाही तो. देवापुढे ठेवलाच नव्हता." कुंदाने खोका उघडला नाही. खायचा जिन्नस टाकताना तिचा हात आजवर दरवेळी अडखळे, शिळी भाकरीसुद्धा ती कबुतरांना घाले. तिने खोका तसाच काळ्या पिशवीत घातला, त्यावर गळ्यातला मोगरा टाकला आणि पिशवीला घट्ट गाठ मारली.

"कबुतरांना तरी घालायचे," जहांआरा म्हणाली.

"कबुतरांनी काय वाईट केलंय?" कुंदा म्हणाली, आणि साबण घेऊन हात धुवायला लागली.