दार उघडत नव्हते तेव्हा

मित्रांनो, नारीन गावात नदीच्या वरच्या अंगाला सायरा आपांचे घर आहे. त्या घरात चुलीच्या उजव्या हाताला जे पिवळट पडलेले वॉशिंग मशीन उभे आहे, ते मी. माझ्या कपाळावरची अक्षरे पुसून गेली आहेत. एका पायाखाली लाकडाची ढलपी आहे. माझी गोष्ट फार आनंदाची नाही, पण ती तुम्ही ऐकावी असे मला वाटते.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईने माझे दार पुन्हा पुन्हा उघडून आणि मिटून पाहिले. आतले पाणी पुरते निघून गेल्याशिवाय दार सोडायचे नाही, हे मला तिथे शिकवले गेले. कपडे घुसळण्याखेरीज मला एवढेच येते. बोलता मला येत नाही. काही बिनसले की एक लाल दिवा लावायचा, एवढीच माझी भाषा.

दोन मालकांच्या घरी राबून मी ट्रकमधून खिंड ओलांडली आणि या घरी आले. मला आणले ते सूनबाईने, बुरुलने. ती टपाल कचेरीत नोकरी करते, तिचा नवरा डोंगरापलीकडच्या खाणीत असतो. पहिल्या दिवशी शेजारणी मला बघायला आल्या. त्यांच्यापुढे चहा आणि बोर्सोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, ठेवत सायरा आपा म्हणाल्या, "सुनेने यंत्र आणलं. आता माझे हात नमद्यापुरते राहिले."

सायरा आपांचे हात गावात नावाजलेले होते. लोकर पिंजून, गरम पाणी शिंपडून, कोपरांनी दाबत दाबत त्या नमदे, म्हणजे लोकरीची जाड जाजमे, वळायच्या. त्यांच्या नमद्याला कधी सुरकुती पडली नाही, असे लोक म्हणत. पण लोकर धुवायला नदीवर जावे लागे आणि नारीनची नदी उन्हाळ्यातही बोटे बधिर करते. एके दिवशी बुरुल कामावर गेल्यावर आपांनी उशीच्या अभ्र्यात लोकर भरली आणि तो अभ्रा माझ्या पोटात टाकला.

मला ते सोसणारे नव्हते. अभ्र्याच्या शिवणीतून लोकर सुटत होती आणि माझ्या तळाशी असलेल्या गाळणीत जाऊन बसत होती. पण आपांच्या बोटांना त्या दिवशी थंडी लागली नाही. त्या माझ्यावर हात ठेवून हसल्या. मग दर आठवड्याला तसेच होऊ लागले.

पहिल्यांदा माझे दार अडले ते शरद ऋतूत. गाळणी तुंबली होती, पाणी जात नव्हते, म्हणून मी दार सोडले नाही. लाल दिवा लावून मी वाट पाहत राहिले.

बुरुलने माझ्याबरोबर आलेले पुस्तक काढले. "खाली एक छोटं झाकण आहे म्हणे. त्याच्यामागे गाळणी असते. ती काढून साफ करायची. आधी वीज बंद करा, पाणी निवू द्या, असं लिहिलंय."

तेवढ्यात तिचा धाकटा दीर एर्मेक आला. गावात कुणाचेही काहीही बिघडले की हा पान्हा घेऊन हजर. मनाने चांगला, पण थांबणे त्याला माहीत नव्हते.

"वहिनी, पुस्तक वाचून यंत्रं चालली असती, तर मास्तरांच्या घरी मोटारी असत्या," तो म्हणाला. "सरका बाजूला."

"भावजी, आत पाणी दिसतंय."

"दिसू दे. दाराचा माज उतरवतो आधी."

त्याने दाराच्या फटीत सुरी घातली. माझ्या कुलपाची जीभ कडकन मोडली. कोमट पाणी फरशीवर वाहिले, सगळे हसले. मला वाटले, आता तरी कुणी खालचे झाकण उघडेल. एर्मेकने मात्र माझा वरचा पत्रा काढला, कुलपाच्या दोन तारा एकमेकींना पिळून जोडल्या आणि हात झटकले.

"झालं. आता कधी म्हणून अडणार नाही. बिनकुलपाचं, आपल्या आपांच्या दिलासारखं."

आपा म्हणाल्या, "गुणाचं गं माझं पोर." बुरुलने पुस्तक मिटून फळीवर ठेवले. एवढ्या माणसांसमोर दिराला पुन्हा टोकणे तिला बरे वाटले नसावे.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझे प्रत्येक धुणे धाकात जाऊ लागले. दार बंद आहे असे त्या जोडलेल्या तारा मला सांगत आणि मला ते मानावे लागे. खरे तर दार नुसत्या आकड्यावर टेकलेले होते. कुणीही ओढावे आणि ते उघडावे. पोटात कढत पाणी घेऊन मी फिरत असे आणि घरातली माणसे माझ्या पुढून ये-जा करत. आठ वर्षांची मेरिम, बुरुलची मुलगी, माझ्या काचेला नाक लावून बसे. मी लाल दिवा लावी. "तो तर असाच लागतो," आपा म्हणत. हळूहळू त्याच्याकडे कुणी बघेनासे झाले.

गाळणीतली लोकर वाढत होती. पाणी कधी जाई, कधी अर्धे राही. जे व्हायचे ते मला दिसत होते. सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते.

घरात मेरिमच्या आत्याचे लग्न निघाले. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी बुरुलने पांढऱ्या चादरी माझ्यात घातल्या आणि पाणी सगळ्यात गरम ठेवले. मेरिमने आपली केसांची पांढरी फीत हळूच त्यात टाकली. बुरुल अंगणात गालिचे झटकायला गेली. आपा चुलीपाशी बोर्सोक तळत होत्या.

साबणाचा फेरा संपला. पंप घरघरला आणि थांबला. एक थेंबही बाहेर गेला नाही. माझ्या पोटात अर्ध्या काचेपर्यंत वाफाळते पाणी होते. मी दिवा लावला.

बाहेर मोटारींचे भोंगे वाजले. मेरिम धावत आली. "आजी, पाहुणे आले. माझी फीत?"

"निघेल गं. थांब जरा."

"काका म्हणालेत, हे दार कधीही उघडतं."

तिने दाराला हात घातला. मी मोडक्या जिभेने धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण धरायला काही उरलेच नव्हते. आपांनी मान वळवली. त्या वयाची बाई इतक्या वेगाने हलू शकते, हे मी त्या दिवशी पाहिले. खांद्याने त्यांनी मेरिमला बाजूला लोटले आणि दोन्ही हातांनी दार परत दाबले. पाणी त्यांच्या हातांवरून गेले. दार बसेपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत.

त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "पोरीला बघा."

मेरिमच्या पायावर चार थेंब उडाले होते, तेवढेच. बुरुलने आपांचे हात पिंपातल्या थंड पाण्यात धरले. आलेल्या मोटारींपैकीच एकीतून त्यांना इस्पितळात नेले. एर्मेक माझ्यासमोर ओल्या फरशीवर बसून राहिला.

चार दिवसांनी तोक्तोसून नावाचे म्हातारे कारागीर आले. त्यांनी आधी वीज काढली. खाली परात लावली, छोटे झाकण उघडले, पाणी हळूहळू सोडले. मग गाळणी फिरवून काढली. तिच्यामागून ओंजळभर लोकर निघाली, दाबून दाबून नमद्यासारखी घट्ट झालेली.

एर्मेकने विचारले, "काका, दार का अडत होतं?"

"पाणी जात नव्हतं म्हणून. दुसरं काय?"

"मग मी ते कुलूप..."

"ते कुलूप चांगलं होतं, पोरा." एवढेच बोलून त्यांनी पिळलेल्या तारा सोडवायला घेतल्या.

इस्पितळातून आल्यावर आपांनी ती लोकर पाहिली. पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "एर्मेकला एकट्याला दोष देऊ नका. ही माझी लोकर आहे." त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे आता मिटत नाहीत. नमदे बुरुल वळते. त्यांना सुरकुत्या पडतात. आपा शेजारी बसून सांगतात, "इथे दाब. अजून. नाही, कोपराने."

मला नवे कुलूप बसले. पहिल्या धुण्याच्या वेळी सगळे जण भिंतीपाशी उभे होते. पाणी गेले. काही क्षणांनी कुलूप 'खट्' वाजले आणि दार मोकळे झाले. तरीही कुणी पुढे आले नाही. शेवटी एर्मेक आला, वाकून त्याने काचेतून नीट पाहिले, मग दार उघडले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझे एखादे भावंड असेल. त्याची गाळणी अधूनमधून साफ करा. आणि त्याचे दार कधी अडले, तर ओढू नका, खिळा-सुरी घालू नका. वीज बंद करा, पाणी निवू द्या, मोठ्यांना हाक मारा. मोठे घाईत असतील, तर त्यांनाही थांबवा. तारा पिळल्या त्या दिवशी घरात कुणीतरी एर्मेकला थांबवायला हवे होते. माझ्या हातात फक्त एक दिवा होता, आणि तो मी लावला होता.