शनिवारी न लागलेली पाटी

मित्रांनो, रस्त्याने जाताना तुम्ही माझ्याकडे ढुंकूनही पाहणार नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. अंगावर एक मोठा बाण आणि खाली ‘सोबत गट, सभा आत’ एवढीच अक्षरं. दर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी मला खांदा कॉलनीतल्या एका शाळेच्या फाटकाला तारेने अडकवतात. याला आता बारा वर्षं झाली. खरं सांगते, मी थकले आहे.

मला दिनानाथ पेंटरांनी रंगवलं. पाट्या रंगवण्यात पनवेलमध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण दारूपायी तोच हात कापू लागला होता. तो पुन्हा स्थिर झाला तेव्हा त्यांनी पहिली पाटी केली ती म्हणजे मी. सोबत गट हा दारू सोडू पाहणाऱ्यांचा. माझ्यावर ‘दारू’ हा शब्द लिहायचा की नाही, यावर त्यांच्या दोन सभा खर्ची पडल्या. लिहिला तर शरमेने कोणी आत येणार नाही, असं शेवटी ठरलं.

“मग बाण तरी मोठा काढतो,” दिनानाथ म्हणाले. “येणारा माणूस वाचायच्या अवस्थेत कुठे असतो?”

सभेचा वर्ग फाटकाला लागूनच आहे, त्यामुळे आतलं सगळं मला ऐकू येतं. दारू सुटल्याला वर्ष झालं की इथे त्याला वाढदिवस म्हणतात. पन्नाशीचा बाप्या एक वर्षाचा होतो आणि लाजत लाजत पेढे वाटतो. “फाटकापासून तीनदा परत गेलो होतो, चौथ्यांदा बाण बघून आत आलो,” असं कोणी म्हणालं की मला धन्य वाटायचं. ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, असा गटाचा नियम आहे. म्हणून पुढची नावं मी बदलली आहेत.

मला लावायचं काम सगळ्यांत नव्या माणसाचं. कामाच्या निमित्ताने तरी तो वेळेवर येतो. यंदा ते कुमारकडे होतं. ऑफिसात बऱ्या हुद्द्यावरचा माणूस, दारू सोडून चार महिने झालेले. मला अडकवण्याआधी तो रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घ्यायचा.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी शाळेच्या मैदानावर त्याच्याच सोसायटीचं हळदीकुंकू होतं. ओळखीच्या बायका फाटकातून ये-जा करत होत्या. कुमार मला फाटकापर्यंत घेऊन गेला, थबकला, आणि परत आणून त्याने मला वर्गातल्या कपाटामागे ठेवलं.

“आज राहू दे,” तो इतरांना म्हणाला. “आपल्या सगळ्यांना रस्ता माहीतच आहे.”

कोणी हरकत घेतली नाही. लाज काय एकट्या कुमारलाच होती?

बाहेर लाउडस्पीकर चालू होता. कपाट खिडकीशी असल्याने त्या गोंगाटातही एका बाईचा आवाज फक्त मला ऐकू आला. ती वॉचमनला विचारत होती, “इथं बाण असतो म्हनं, तो कुठं हाय?”

वॉचमन नवा होता. “बाण-बिण काही नाही, ताई. हळदीकुंकू आहे इथे.”

“चल,” एक पुरुष दमलेल्या आवाजात म्हणाला. “नाय इथं काय.”

मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. त्या दिवशी त्याचं फार वाईट वाटलं.

मंगळवारी ती बाई विचारत विचारत वर्गात आली. तिचं नाव रंभा, पळस्प्याच्या पलीकडच्या गावातली. नवऱ्याचं नाव शिवा.

“हॉस्पिटलातल्या नर्सनी बाणाची खूण सांगितलेली,” ती म्हणाली. “शनवारी त्यांनी सकालपासून घेतली नव्हती. इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाण दिसला नाय. परत जाताना पळस्प्याला गुत्त्यापाशी उतरले, ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले.”

कुमारने मान खाली घातली. “पाटी लावायचं काम माझं होतं,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दिनानाथांना घेऊन तिच्या घरी गेला. शिवाने त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. “आलो व्हतो मी एकदा,” तो म्हणाला. “तवा तुमी वाट दाखवली नाय.” पुढच्या सभेत कुमारने हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि खाली बसला.

त्यानंतर नवी माणसं आली, पण कुमारने मला कोणाच्या हाती दिलं नाही. अर्धा तास आधी येतो, मला पुसतो आणि सभा सुटेपर्यंत फाटकाशी उभा राहतो. सोसायटीतले लोक कसली सभा म्हणून विचारतात, तो त्यांनाही खरं ते सांगतो.

परवाच्या मंगळवारी शिवा आला. पाय लटपटत होते, रंभाने दंड धरला होता. माझ्यासमोर थांबून त्याने बाणावर तळहात टेकला.

“पिऊन आलोय,” तो कुमारला म्हणाला. “चालल का?”

“आम्हीही तसेच आलो होतो,” कुमार म्हणाला. “या आत.”

तासभर तो बाकावर नुसता बसून होता. पूर्ण शुद्धीत आला होता ती संध्याकाळ आम्ही वाया घालवली, आणि तशी दुसरी त्याला अजून जमलेली नाही.

मित्रांनो, मला नवा रंग नको. पण कोणाला वाट दाखवायचं काम तुमच्याकडे आलं, तर लोक काय म्हणतील म्हणून ते कपाटामागे ठेवू नका. शिवाला दुसऱ्यांदा यायचं बळ आलं. सगळ्यांनाच येतं असं नाही.