उसनं विमान

तपासनीसांच्या घरात कपडे ठेवायला जागा नव्हती, कारण कपाटात विमानं होती. खऱ्या विमानांपेक्षा बहात्तर पट लहान, प्लास्टिकची, सगळी जुन्या लढायांमधली. एकावर एक दोन पंखांची, चार इंजिनांची, पाण्यावर उतरणारी. बाजारात नवा संच आला की तपासनीस तो घेऊन येत, खोक्यावरचं चित्र दिव्याखाली धरून डोळे भरून बघत आणि खोकं जसंच्या तसं कपाटात सारून देत. त्यातलं एकही विमान त्यांनी आजवर जोडलेलं नव्हतं. आतल्या पिशव्यासुद्धा फोडलेल्या नव्हत्या.

ते छापखान्यात प्रूफं तपासत, म्हणून सगळे त्यांना तपासनीस म्हणत. हे नाव त्यांना इतकं चपखल बसलं होतं की बायकोही शेजारणींशी बोलताना ‘आमचे तपासनीस’ असंच म्हणायची. दुसऱ्याच्या चुका शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो स्वतः काही करायला घेईल कसा? पहिलाच सांधा वाकडा बसला तर? त्यापेक्षा खोकं बंद असलेलं बरं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

विमानांच्या प्रदर्शनाला मात्र ते न चुकता जात. दुसऱ्यांनी बनवलेल्या विमानांसमोर हात मागे बांधून उभे राहत, आणि मग त्यांचं सुरू होई. हा हिरवा रंग त्या वर्षी नव्हताच. ही बंदूक दोन मिलिमीटर पुढे आली आहे. बायको याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायची, आणि तेही त्यांच्या तोंडावर.

अशाच एका प्रदर्शनात ते मुलीला सोबत घेऊन गेले होते. एका टेबलामागे एक गृहस्थ आणि त्यांचा मुलगा उभे होते. गृहस्थांचा धंदा दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचा, त्यामुळे हात कसा, तर सुईच्या टोकावर रंग ठेवणारा. तपासनीसांनी त्यांचं विमान पाहिलं आणि सांगितलं, शेपटीचं चाक उलटं बसलंय. दुसरा कुणी असता तर त्याने ‘तुम्ही बनवून दाखवा’ म्हटलं असतं. या माणसाने चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि “अरे, खरंच की!” म्हणून तपासनीसांचा हात हातात घेतला. दोन्ही बाप त्या चाकात अडकले तेवढ्यात इकडे मुलगा आणि मुलगी बोलायला लागली, ती अजून बोलतच आहेत. यंदा लग्न करायचं ठरलं होतं.

“तुझ्या बाबांकडे किती विमानं आहेत गं?” असं होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा मुलगी म्हणाली, “घरभर.” हे काही खोटं नव्हतं. पण ते ऐकून व्याही इतके हरखले की म्हणाले, “रविवारी आम्ही दोघं येतोच बघायला. मला त्यांचं काम बघायचंय.”

“सांगून टाकू,” तपासनीस म्हणाले. “मी जमवतो, बनवत नाही. त्यात काय एवढं?”

“त्यात काय एवढं?” बायकोचा पारा चढला. “भर प्रदर्शनात त्या माणसाच्या विमानाला नावं ठेवलीत. आता त्यालाच सांगणार, की मला साधं चाक चिकटवता येत नाही? तोंडावर हसणार नाहीत, चांगली माणसं आहेत. पण पोरीला तिथे जन्म काढायचाय. तुझा बाप नुसता तोंडाचा, हे तिने किती दिवस ऐकायचं?”

“ते तसं म्हणणार नाहीत.”

“मनात म्हणतील. ते जास्त वाईट.”

खरं तर तिलाच नवऱ्याची लाज वाटत होती, आणि ती काही आजची नव्हती. तिचा भाऊ येई तेव्हा कपाटाकडे बघून “काय भाऊजी, उडालं का एखादं?” असं विचारी. तपासनीस हसत, आणि ती उठून स्वयंपाकघरात जाई. घरी कुणी आलं की ती त्या कपाटाला पाठ लावून बसायची.

“मग एक बनवा,” शनिवारी दुपारी तिने फर्मान काढलं. “बोटभर तर आहे. संध्याकाळपर्यंत होईल.”

तपासनीसांनी टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि सगळ्यात लहान खोकं उघडलं. करड्या प्लास्टिकच्या चौकटीला तुकडे लटकलेले होते: पंख, चाकं, नखाएवढा वैमानिक. कटर हातात घेऊन ते एका तुकड्याकडे झुकले. मागे सरले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा झुकले. चौकटीच्या अगदी लगत कापलं तर पंखाला खड्डा पडेल, लांबून कापलं तर टोक राहील. हे त्यांना सगळं माहीत होतं, इतकं माहीत होतं की कटर मिटेना. तासाभराने बायको डोकावली तेव्हा खोकं पुन्हा बंद झालेलं होतं, आणि तपासनीस कागदाची घडी घालत होते.

तिने चपला घातल्या आणि ती थेट विमानांचे संच विकणाऱ्या दुकानात गेली. काचेच्या कपाटात गिऱ्हाइकांनी बनवून दिलेली विमानं मांडून ठेवलेली होती. त्यातलं एक दोन पंखांचं, उघड्या बैठकीचं विमान तिने बोटाने दाखवलं. “दोन दिवसांसाठी हवंय. आमच्या ह्यांना जरा जवळून बघायचंय.” दुकानदाराला तपासनीस म्हणजे घरचे. त्याने कापूस घातलेल्या डब्यात विमान ठेवून दिलं. हे कुणी केलंय ते सांगायला तो तोंड उघडत होता, पण ती पायरी उतरलीसुद्धा.

“हे कुठून आलं?” मुलीने कामावरून आल्या आल्या विचारलं. विमान खोलीतल्या फळीवर, दिव्याखाली, ऐटीत बसलं होतं.

“तू मध्ये बोलू नकोस. तुझ्यासाठीच चाललंय.”

“बाबा?”

तपासनीस भिंतीकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचत होते. “मला यात धरू नका,” ते म्हणाले. त्यांनी त्या विमानाकडे ढुंकून पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. एरवी हा माणूस दुसऱ्याच्या विमानाला भिंग लावल्याशिवाय राहत नसे.

रविवारी व्याही आणि विहीणबाई आले. व्याह्यांच्या हातात दोन खोकी होती, एकाच विमानाची. “नवा संच,” ते दारातूनच म्हणाले. “परवाच बाजारात आला. एक तुम्हाला, एक मला. बरोबर बनवू.” मग बसायच्या आधीच त्यांची नजर फळीवर गेली आणि ते तिथे जाऊन उभे राहिले.

ते वाकून, अगदी जवळून विमान बघत राहिले. बायको चहाची किटली घेऊन दारात थांबली. तिला वाटलं, भारावले.

“हे तुम्ही केलंत?” व्याह्यांनी शेवटी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

तपासनीसांनी बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मोठे केले.

“हं,” तपासनीस म्हणाले. आणि मग, कौतुक नको म्हणून की खोटं बोलल्याचा चटका बसला म्हणून, ते उठून फळीपाशी गेले आणि पहिल्यांदाच त्या विमानाकडे नीट पाहिलं. “पण काही खरं नाही हो यात. फार ढिसाळ काम झालंय. हे बघा ना, पोटाखालची जोडाची रेघ तशीच राहिलीय, घासलीच नाही. वरच्या पंखावर तर डिंकाचं बोट उठलंय. ही वायुदलाची खूण कलती चिकटलीय. पंखांमधली ही तार बघा, सैल पडलीय. मला तर ठेवायचंच नव्हतं हे फळीवर. टाकून द्यायच्या लायकीचं आहे.”

प्रत्येक चुकीवर ते नेमकं बोट ठेवत होते आणि व्याही मान हलवत होते. “हो,” ते म्हणत होते. “हो, तेही आहेच.”

विहीणबाई उठून बघायला आल्या. “अगं बाई! हा वैमानिक. त्याच्या गळ्यातला लाल रुमाल माझ्या नेलपॉलिशचा आहे. अहो, हे तुमचंच ना? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पट्टी बांधून बनवत बसला होतात ते? दुकानदाराने मागून नेलं होतं...”

“सगळी सारखीच दिसतात गं,” व्याही पटकन म्हणाले.

विहीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग तपासनीसांकडे. “हो, हो,” त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, “माझा चष्मा नाहीये ना.” चष्मा त्यांच्या नाकावर होता.

खोलीत कुणालाच कुठे बघावं कळेना. बायकोला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. दुकानात इतकी विमानं होती, आणि हिने नेमकं हेच उचललं होतं. मुलगी खिडकीपाशी उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तपासनीसांचं बोट अजून त्या सैल तारेपाशीच होतं. ते त्यांनी हळूच मागे घेतलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

“मी एकही केलेलं नाही,” ते म्हणाले. “आजवर एकही नाही. कपाटातली सगळी खोकी बंद आहेत. हे दुकानातून आणलंय, तुम्हाला दाखवायला. आणि तुमचंच तुमच्यापुढे ठेवून मी त्याला नावं ठेवली. मला माफ करा.”

“माफी कसली?” व्याही म्हणाले. “चुका तर आहेतच. तेव्हा एकच डोळा चालत होता. पट्टी सुटल्यावर माझ्या मला दिसल्या सगळ्या. पण ते पूर्ण झालं होतं ना, म्हणून टाकवेना.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण तो काही साधला नाही.

विहीणबाईंना मात्र राहवेना. आवाज चढला नव्हता, पण लागलं होतं हे कळत होतं. “पण असं करायचं कशाला? आम्ही काय परीक्षा घ्यायला आलो होतो? कुणाला सुचलं हे?”

मुलीने आईकडे पाहिलं. बायकोच्या हातात किटली होती. एक शब्द पुरेसा होता: ‘मला.’ तो तिच्या ओठांपर्यंत आलाही होता. पण समोर विहीणबाई होत्या, ज्यांच्यापुढे तिला घराची मान ताठ ठेवायची होती.

“मला सुचलं,” तपासनीस म्हणाले. “ही तर नको म्हणत होती.”

“चहा ओतू ना?” बायको म्हणाली.

त्यानंतर पाहुणे जाईपर्यंत मुलीने आईकडे पाहिलं नाही.

व्याह्यांनीच मग वेळ सावरली. दोन्ही खोकी टेबलावर आणली, पिशव्या फोडल्या, खिशातून कटर काढून तपासनीसांच्या हातात दिला. “लांबून कापा. राहिलेलं टोक मग घासायचं. चुकलं तर चुकलं, माझी तर रोज चुकतात.” तपासनीसांनी डोळे बारीक केले आणि कापलं. टक् असा आवाज झाला. तुकड्याला टोक राहिलं होतं, तरी ते त्याच्याकडे बघत राहिले. मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. विहीणबाईसुद्धा हळूहळू खुर्ची ओढून जवळ आल्या आणि तुकड्यांचे आकडे वाचून दाखवू लागल्या. थोड्या वेळाने त्यांच्यात हसणंही सुरू झालं.

बायको कप विसळत ते ऐकत होती. बाहेर जाऊन सांगायचं, असं तिने तीनदा ठरवलं, आणि तीनदा नळच सोडला. सगळं आता कुठे सुरळीत होतंय, उगाच कशाला, असं ती स्वतःला समजावत होती. हे समजावणं खोटं आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

निघताना व्याह्यांनी ते विमान डब्यात ठेवलं. “दुकानात मीच देऊन टाकतो, वहिनी. तुम्हाला कशाला फेरा?” ते खरंच सहज म्हणाले होते. बायकोची मान वर झाली नाही.

पाहुणे जाऊन अर्धा तास झाल्यावर ती नवऱ्यापाशी आली. ते तुकड्याचं टोक घासत होते. “माझं नाव का नाही सांगितलंत?” तिने विचारलं. “आता विहीणबाई जन्मभर तुम्हालाच लबाड समजणार.”

“अगं, माझी अब्रू तर गेलीच होती,” तपासनीस म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. “तुझी कशाला घालवायची?”

तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. या माणसाची ती इतकी वर्षं लाज बाळगत आली होती. तिने फोन उचलला आणि विहीणबाईंना लावला. तपासनीसांचा हात थांबला. मुलगी बशा आवरता आवरता तशीच उभी राहिली.

“पोचलो हो ताई, आत्ताच,” पलीकडून विहीणबाई म्हणाल्या. “काही राहिलं का आमचं?”

“नाही,” बायको म्हणाली. तिने श्वास घेतला. “म्हणजे, ते विमान...”

“अहो, सोडा ते. आम्ही विसरलोसुद्धा. स्वभाव असतो एकेकाचा. तुम्ही तरी काय करणार? तुमची मला दया आली बघा.”

बायको फोन कानाला धरून उभी राहिली. नवरा बघत होता, मुलगी बघत होती.

“पोचलात का, एवढंच विचारायचं होतं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मुलगी बशा घेऊन आत गेली. तपासनीस पुन्हा घासायला लागले.