म्हसळ्यातली बेकरी

राहीनं पनवेलची नोकरी सोडली आणि सासरी, बोर्ली पंचतनला येऊन ती लिहायला बसली. कुठल्या संपादकाची वाट बघायची नाही, दर रविवारी लेख थेट वाचकांना ईमेलनं धाडायचा, असं तिनं ठरवलं होतं. एकटेपणावर, आठवणींवर ती लांबलचक लिहायची. वर्ष होत आलं तरी वाचक म्हणजे जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणी, मावसबहिणी आणि नवरा गणराज. तो तर मेल न उघडताच "मस्त" म्हणायचा.

एका रविवारी लेख फारच उदास झाला, म्हणून तिनं शेवटी सहज दोन ओळी जोडल्या. बाजारात करटोली आलीत, श्रीवर्धनच्या एसटीची वेळ बदललीय.

दोन दिवसांत वाचक तिपटीनं वाढले. सगळी नावं अनोळखी. कुणी कुवेतचं, कुणी कतारचं, कुणी नालासोपाऱ्याचं. कुणीतरी तो मेल गावकऱ्यांच्या ग्रुपवर टाकला होता. राही हरखली, पण उत्तरं वाचून गोंधळात पडली. लेखाबद्दल अवाक्षर नाही. जो तो करटोल्यांचा भाव विचारत होता.

कुवेतहून मुश्ताक मुकादम नावाच्या गृहस्थांनी लिहिलं, "बेटी, म्हसळ्याला जाणं झालं तर आमच्या मोहल्ल्याच्या कोपऱ्यावरची बेकरी चालू आहे का बघशील? तिथल्या नानकटाईची फार याद येते."

ती गेली. कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, "बेकरी? इथं कधीच नव्हती, ताई." शेजारचा शिंपी म्हणाला, होती, पण रस्त्याच्या त्या बाजूला. राही दोन्हीकडे फिरली आणि हात हलवत परत आली. रविवारच्या मेलमध्ये तिनं खरं ते लिहून टाकलं. बेकरी सापडली नाही.

झालं! वाचक भांडायलाच उठले. कुणी म्हणे बेकरी मशिदीमागं, कुणी म्हणे एसटी स्टँडजवळ, तर कुणी म्हणे ती म्हसळ्यात नव्हतीच, श्रीवर्धनला होती. आपलंच खरं करायला प्रत्येकानं भाऊबंदांना मेल फॉरवर्ड केला आणि वाचकांचा आकडा चढतच गेला.

"सापडली असती तर एवढे आले असते का?" गणराज म्हणाला. "आता अजून काहीतरी शोधायला जा. फक्त सापडू देऊ नकोस."

"अरे, पण माझा लेख कुणीच वाचत नाही."

"मग या खबरी कोण लिहितं? तूच ना?"

पुढच्या रविवारी तिनं मुद्दाम नुसता लेख पाठवला, खबर एकही नाही. बरेच जण निघून गेले. मुश्ताकभाईंचं उत्तर मात्र आलं, "दोनदा वाचला. कळला नाही. तुझी तब्येत ठीक आहे ना, बेटी?"

हसावं की रडावं ते तिला कळेना. तो लेख लिहिताना ती खरंच रडकुंडीला आली होती, आणि ते ओळखलं ते या एकट्या माणसानं.

त्यांच्यासाठी बेकरी शोधायला ती पुन्हा म्हसळ्याला गेली. मशिदीमागच्या आळीत नीराबाई नावाची म्हातारी ओट्यावर वाल सोलत बसली होती.

"कोण गं तू? पेपरवाली?"

"नाही, आजी."

"मग सरकारी हायस?"

"तेही नाही."

"मग हायस तरी कोण?"

राही अडखळली. "मी... लोकांना मेल पाठवते."

"म्हंजे पोस्टात हायस," नीराबाईंनी ठरवून टाकलं आणि तिला बसायला जागा करून दिली. राहीनं बेकरीचं विचारलं, तर बेकऱ्या, त्यांच्या म्हणण्यानुसार, दोन होत्या. म्हणजे रविवारी भांडणंही दुप्पट होणार.