एक कोपरा उघडा

शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं, आणि शाळेचा इतिहास लिहायचं काम कुणालाच नको असल्यामुळे ते बिनविरोध तिसरीच्या बाईंच्या गळ्यात पडलं. "तुम्हीच सगळ्यात जुन्या," मुख्याध्यापक म्हणाले. बाईंनी हसून मान डोलावली आणि घरी जाऊन नवऱ्याला ऐकवलं, "जुनी म्हणे! कपाट आहे का मी?"

मनातून मात्र त्या सुखावल्या होत्या. वर्षअखेर त्या निवृत्त व्हायच्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी उपनगरातल्या पोरांची अक्षरं वळणावर आणली होती, आणि आता आपल्यामागे कुणी आपली आठवण काढेल का, हा एकच घोर त्यांच्या जिवाला लागला होता. वही तपासायची त्यांची तऱ्हाच वेगळी होती. पानभर कितीही गिचमिड असो, त्यातलं एक तरी बरं अक्षर त्या हुडकून काढत आणि त्याभोवती लाल चौकट आखत, तिचा एक कोपरा मुद्दाम उघडा ठेवून. "बाकीच्या अक्षरांना आत यायला वाट नको?" असं त्यांचं म्हणणं. पोरांनी त्यांचं नाव चौकटबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना मनापासून आवडत होतं.

जुन्या विद्यार्थ्यांना भेटायची सुरुवात पहिल्या तुकडीतल्या एका आजोबांपासून झाली. वीटभट्टीच्या पत्र्याच्या शेडमध्ये शाळा कशी भरायची, पाऊस आला की पत्र्यावरच्या आवाजात गुरुजी ऐकू यायचे नाहीत म्हणून दिवसभर नुसतं शुद्धलेखन कसं चालायचं, हे सगळं सांगून झाल्यावर ते बाईंकडे निरखून बघत म्हणाले, "आणि तुम्ही! बाकावर उभं केलं होतंत मला."

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सुनेनं डोळ्यांनीच विनवलं, हो म्हणा. बाई पडल्या भिडस्त. "हो तर," त्या म्हणाल्या, "फार द्वाड होतात तुम्ही."

आजोबा लाजले. मग उठून त्यांनी ट्रंकेतून एक वही काढली. विटलेल्या पानावर एका 'क'भोवती फिकट लाल चौकट होती आणि तिचा एक कोपरा उघडा होता.

कुणा जुन्या बाईंचीही हीच खोड असेल, अशी बाईंनी परतीच्या वाटेत स्वतःची समजूत घातली. पुढच्या आठवड्यात सत्तरीला टेकलेल्या एक निवृत्त परिचारिका त्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही अजिबात बदलला नाहीत." शाळा सोडून साठ वर्षं झालेल्या परिचारिकेला आता काय सांगणार? चौकटबाईंनी हात सोडवून घेतला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटलं. अशी एकूण पाच माणसं निघाली.

पण कोपऱ्यावरचा दुकानदार, ज्याचा 'ळ' वळवण्यात त्यांचं अख्खं वर्ष गेलं होतं आणि जो रोज "नमस्कार बाई" म्हटल्याशिवाय पिशवी हातात देत नसे, त्यानं एका सकाळी विचारलं, "मॅडम, इथं नवीन आलात का?" दातांचे डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी. त्यांनी आरसा बाईंच्या तोंडात ठेवूनच बराच विचार केला. "तिसरीला आम्हाला कोण होतं बरं? छे, आठवत नाही."

बाईंना रडूच आलं. नवरा म्हणाला, "दोघांनी ओळखलं नाही म्हणून आभाळ कोसळलं का? तिकडे पाच जण ओळखतात ना? तीन जास्तच आहेत."

शेवटी शिक्षकांची वर्षवार यादी करायची वेळ आली. पहिल्या वर्षाची हजेरी वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे तिथली ओळ रिकामी होती. आपलं नाव खाली, एकतीस वर्षांपूर्वीच्या ओळीत घालायचं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण शेवटच्या एकतीस वर्षांसाठी आता कुणी साक्षीला उभं राहीना, आणि पहिल्या वर्षासाठी आजोबांनी जपलेली वही होती. बराच वेळ त्या पेन्सिल चावत बसल्या. मग त्यांनी आपलं नाव वरच्या रिकाम्या ओळीत लिहून टाकलं. पेन्सिलीनं लिहिलंय, खोडता येईल, असं म्हणून त्या निवांत झोपल्या.

सकाळी त्या वर्गात शिरल्या तेव्हा पोरं शहाण्यासारखी उभी राहिली. इतक्या शहाण्यासारखी ती कधीच उभी राहत नसत. वर्गाची मॉनिटर लगबगीनं पुढे आली.

"तुम्ही बदलीवर आलात ना, बाई? आमचं अडतिसावं पान चालू आहे."

बाईंनी तिची वही ओढून घेतली. पहिल्या पानापासून काल तपासलेल्या पानापर्यंत नीटनेटक्या बरोबरच्या खुणा होत्या. चौकट एकही नव्हती.

"कोणी तपासली ही?"

"आमच्या बाईंनी."

 बाईंनी लाल पेन काढलं, पानावरचं एक बरं अक्षर शोधलं, त्याभोवती चौकट आखली आणि वही परत दिली.

मुलीनं ती नीट पाहिली. "बाई, एक कोपरा राहिलाय तुमचा," ती समजूतदारपणे म्हणाली, आणि कंपासपेटीतून पट्टी काढून तिनं तो जोडून टाकला.