रेच्याचा आवाज कोणत्या डब्यात?

मी टेपचं रीळ बोलतोय. अख्खं नाही हो; शहाण्यांच्या तावडीतून जेवढं सुटलं तेवढं.

मला भरलं नांदुऱ्याच्या एका जिनिंगमधल्या तुळशीराम फिटरनं, चौऱ्याहत्तर साली. त्याची माय मंजुळाबाई त्याच जिनिंगात वीस वर्षं रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस लोटायची. लोटता लोटता गायची. अर्धी ओळ म्हणायची, थांबून कापूस लोटायची, मग उरलेली अर्धी. सवय इतकी मुरली, की घरी भाकरी थापतानाही ती गाण्यात तेवढीच थांबे. तुळशीरामनं तिचं गाणं घरी भरलं, रेच्याचा धडधडाट जिनिंगात भरला, रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधोमध ठेवून निघणारी शिट्टीही भरली. मग ब्लेडनं कापून, चिकटपट्टीनं जोडून मायच्या प्रत्येक थांब्यात यंत्र आणि शिट्टी बसवली. काय बसलं होतं म्हणून सांगू!

माय कार्तिकात गेली. वर्षश्राद्धाला चार लोकांना ऐकवावं म्हणून त्यानं मला आठ दिवस आधी वडनेर भोलजीला, पंजाबरावाच्या लाऊडस्पीकरच्या दुकानात आणून दिलं. तिथंच माझं नशीब फुटलं.

पंजाबरावाचा नेम असा, की चिठ्ठीशिवाय रिळाचा डबा फळीवर चढायचा नाही. लग्नाची लाल, भक्तीची पिवळी, तमाशाची हिरवी. मग माझी कोणती? बाकावर भगवंतराव पेटीमास्तर ठाण मांडून बसलेलेच. पंजाबराव म्हणे, बाई देवाचं नाव घेते, म्हणजे भक्ती. मास्तर म्हणे, भक्तीत शिट्टी कुठून आली? मग तमाशा म्हणावं, तर ढोलकी नाही. मग म्हणे हा विजेवरचा काहीतरी नवा प्रकार, याला नवीन नाव पाहिजे. तीन दिवस दोघं चहा ढोसत भांडले, पण मला शेवटपर्यंत एकदाही ऐकलं नाही. अर्धं ऐकून अक्कल पाजळायची, वर पान खायचं. अखेर मास्तरांनी निकाल दिला, तुकड्याचा तुकड्याशी मेळ नाही, सगळं एकजिनसी करा.

एकजिनसी! पंजाबरावानं यंत्र आणि शिट्टी कापून काढली, मायचा आवाज सलग जोडला आणि डब्यावर पिवळी चिठ्ठी डकवली. कापलेले तुकडे पाखरं हाकलायला आपल्या शेतातल्या ज्वारीवर बांधले.

वर्षश्राद्धाच्या पंगतीत भोंग्यातून माय गायली. ओळीवर ओळ, ओळीवर ओळ. मास्तर डोळे मिटून मान डोलावत होते. तुळशीराम वाढता वाढता थांबला. वरणाचं पातेलं खाली ठेवून पंजाबरावाजवळ गेला.

"माही माय मधी दम घ्यायची, भाऊ. तो दम कुठी टाकला?"

"अबे, आवाज साफ केला ना तुह्या मायचा," पंजाबराव म्हणाला.

तुळशीरामनं तुकडे कुठं बांधले ते विचारून घेतलं आणि पंगत उठल्यावर तो ज्वारीत शिरला. एकेक तुकडा सोडून घरी आणला. वाऱ्यानं पिळून, धाटांवर घासून रेचा पार मुका झाला होता, नुसती खरखर उरली होती. त्यानं तीच खरखर मोजून मायच्या थांब्यांत परत जोडली.

आता मी त्याच्या घरी, बिनचिठ्ठीच्या डब्यात असतो. परवा मास्तर आले होते. अजूनही विचारतात, याले नेमकं म्हणावं तरी काय? अन् अर्ध्यातच उठून गेले, बिचारे.

तुम्हाला नाव ठेवायचंच असेल तर खुशाल ठेवा. पण आधी बसा आणि शेवटपर्यंत ऐका. मध्ये माय थांबली तर ब्लेड काढू नका. ती दम घेतेय.